बराक नंबर, खोली नंबर : कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर कसं झालं

उल्हासनगरातल्या एखाद्या जुन्या दुकानाची पावती किंवा लग्नाची पत्रिका हाती आली तर तिच्यावरचा पत्ता नीट वाचावा. रस्त्याचं नाव असेल-नसेल, सोसायटीचं नाव असेल-नसेल. पण ‘बॅरेक नं.’, मग ‘रूम नं.’, मग ‘सेक्शन’ आणि शेवटी ‘उल्हासनगर-३’ किंवा ‘-५’ हे बहुधा असतंच. शेवटचा आकडा कॅम्पाचा; शहराचे असे पाच कॅम्प. १९७२ साली पिनकोड आले तेव्हा टपाल खात्यानेही हाच क्रम उचलला : कॅम्प एकला ४२१००१, दोनला ४२१००२, असं करत पाचला ४२१००५. कल्याणकर अजून ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. ज्या छावणीचे हे नंबर, तिथून सैनिक जाऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली.

प्रकरण थोडक्यात असं आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कल्याणजवळ सैनिकांच्या मुक्कामासाठी बराकी बांधल्या. युद्ध संपलं, बराकी ओस पडल्या. दोन-तीन वर्षांतच फाळणीतून आलेल्या सिंधी निर्वासितांनी त्या भरल्या. १९४९ला छावणीला गावाचं नाव मिळालं, १९६०ला नगरपालिका आली, १९९६ला महापालिका झाली आणि २००६ साली या एका शहरातल्या अनधिकृत बांधकामांसाठी विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागला. एका शहराच्या नावाने असा कायदा होणं ही काही रोजची गोष्ट नाही.

उल्हासनगर म्हटलं की दोन साच्यातल्या गोष्टी ऐकू येतात. एक कौतुकाची : रिकाम्या हाताने आलेल्या लोकांनी माळावर बाजारपेठ उभी केली. दुसरी नाकं मुरडणारी : नकली माल, बेकायदा इमारती, कसलाच नियम नाही. दोन्हींत तथ्य आहे, आणि दोन्हींत बराकी मात्र नुसत्या पार्श्वभूमीला उभ्या असतात. मला वाटतं, या शहराचा निम्मा गुंता त्या बराकींच्या मांडणीतच होता. तो समजून घ्यायचा तर खोल्यांपेक्षा दोन बराकींमधल्या मोकळ्या जागेकडे बघावं लागतं.

छावणी इथेच का

मुंबई बंदरातून सैनिक उतरवायचे आणि चढवायचे, तर त्यांना बंदराजवळ पण शहराबाहेर कुठेतरी थांबवायची सोय लागते. कल्याणला ती आपसूक होती. मुंबईहून येणारा रेल्वेमार्ग इथे फुटतो. एक फाटा कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. पूर्वेकडे जायचं किंवा दक्षिणेकडे, गाडी इथूनच. शेजारी उल्हास नदीचं पाणी, सभोवार मोकळी जमीन. जपान युद्धात उतरल्यावर पूर्वेच्या आघाडीसाठी सैन्याची ये-जा वाढली आणि कल्याण परिसराचं रूपच पालटलं. थोड्या अंतरावर नेवाळीला विमानांची धावपट्टी झाली. तिच्यासाठी घेतलेल्या जमिनींचा वाद इतका चिवट निघाला की जून २०१७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून सत्तरहून जास्त वर्षं उलटल्यावर, तिथले शेतकरी रस्त्यावर उतरले, गाड्या जाळल्या गेल्या, पोलिसांशी चकमक झाली. युद्धकाळात घाईने घेतलेल्या जमिनीचा हिशेब या भागात कुठेच नीट मिटलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

कल्याणची छावणी ‘मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’ होती. ६,००० सैनिक आणि आणखी ३०,००० माणसं राहतील अशा बेताने ती उभारली होती, आणि बराकींची संख्या २,१२६ सांगितली जाते. ट्रान्झिट म्हणजे वाटेतला मुक्काम. इथे कोणी पलटण वर्षानुवर्षं राहणार नव्हती. जहाज किंवा गाडी येईपर्यंत थांबायचं आणि निघायचं. अशा वास्तूत संसाराची कुठलीच गरज धरलेली नसते.

बहुतेक बराकींचा नकाशा एकसारखा होता. मधे एक लांबलचक हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. हॉलमध्ये ओळीने खाटा टाकायच्या. टोकाच्या खोल्या सामानाला किंवा वरच्या हुद्द्याच्या माणसाला. हॉलला आतून भिंत नाही, चूल नाही, मोरी नाही. लष्करी पद्धतीत स्वयंपाकघर वेगळं, न्हाणी वेगळी, संडास आणखी लांब. आणि दोन बराकींच्या मधे ऐसपैस अंतर. हे अंतर चैनीसाठी सोडलेलं नसतं. आग लागली तर शेजारच्या बराकीला झळ लागू नये, साथ पसरू नये, हवा खेळावी, माणसं रांगेत उभी करता यावीत म्हणून ते असतं. बराकीइतकंच ते अंतरही छावणीचा भाग असतं. पुढच्या साठ वर्षांत कोणीही ही गोष्ट मनावर घेतली नाही.

माणसं आली

पंजाब आणि बंगाल यांची फाळणी झाली, सिंधची झाली नाही. अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी निर्वासिताला निदान पूर्व पंजाब होता, भाषा होती, तिकडून गेलेल्या लोकांच्या सुटलेल्या जमिनी होत्या. सिंधी हिंदूला यातलं काहीच नव्हतं. सुरुवातीचे काही महिने अनेकांनी थांबून पाहिलं. ६ जानेवारी १९४८ला कराचीत दंगल झाली, घरं-दुकानं लुटली गेली आणि मग थांबण्यात अर्थ उरला नाही. कोणी आगगाडीने राजस्थानमार्गे आले, कोणी कराचीहून बोटीने ओखा, पोरबंदर, मुंबई अशा बंदरांवर उतरले. मुंबई इलाख्याच्या वाट्याला त्यातले लाखो आले.

बाळासाहेब खेरांच्या सरकारपुढे प्रश्न उघड होता. मुंबई शहरात आधीच जागा नव्हती. मात्र इलाख्यात युद्धाने मागे ठेवलेल्या रिकाम्या छावण्या होत्या : कल्याण, देवळाली, पिंपरी, चेंबूर, मुलुंड, शीव-कोळीवाडा. सरकारने ती दारं उघडली. निर्वासितांची नोंदणी, त्यांना कुठे ठेवायचं, कुठे जाऊ द्यायचं यासाठी १९४८ साली मुंबई इलाख्याने वेगळा कायदाच केला. गोदीवर उतरलेल्या माणसाला मुंबईत राहायचं असे, कारण धंदा तिथे. सरकारला तो मुंबईबाहेर हवा असे, कारण जागा तिथे नाही. कल्याण कॅम्प ही या ओढाताणीतली तडजोड होती. मुंबईपासून सुमारे ५८ किलोमीटर, पण लोकल हाताशी.

३६ हजार माणसांच्या बेताने बांधलेल्या जागेत लाखाच्या घरात माणसं आली. सैनिकाला खाट पुरते, कुटुंबाला पुरत नाही. हॉलमध्ये चादरी, साड्या, गोणपाटं बांधून वाटण्या झाल्या. ट्रंका रचून भिंत केली. या पडद्याआड एका घरातली सून बाळंत होतेय आणि पलीकडे दुसऱ्या घरातला म्हातारा खोकतोय, अशी ती रचना. नळ सामाईक, संडास सामाईक, दोन्हींकडे रांगा. कराचीत किंवा हैदराबाद-सिंधमध्ये दुमजली हवेल्यांत राहिलेली माणसं आणि तिथल्याच खेड्यातले छोटे दुकानदार एका छपराखाली आले. टोकाच्या खोल्या ज्यांना मिळाल्या ते भाग्यवान, कारण त्यांना तीन बाजूंनी खऱ्या भिंती होत्या. कोणाला हॉल आणि कोणाला टोक, हा त्या काळात भांडणाचा मोठा विषय होता म्हणतात, आणि ते सहज पटतं.

सरकारी शिधा काही काळ मिळाला, मग आखडत गेला. बायका पापड लाटायला बसल्या. पुरुष पहाटेची लोकल पकडून मुंबईत कापडाचे तुकडे, गोळ्या-बिस्किटं, पेन, कंगवे विकू लागले. गाडीच्या डब्यातही विकत. नफा इतका कमी ठेवत की मुंबईतले जुने दुकानदार वैतागले. लाडकाना, शिकारपूर, हैदराबाद अशा मूळ गावांवरून पंचायती बांधल्या गेल्या. देऊळ, दरबार, शाळा हे सगळं त्यांनीच उभं केलं. आठ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाव नदीवरून.

नाव बदललं म्हणजे तात्पुरती व्यवस्था कायमची झाली, असं सरकारनेच जाहीर केलं. तशी तयारी मात्र कुठे दिसली नाही. नवीन वसाहती थोड्या बांधल्या गेल्या. कॅम्प चारमधला ‘ओटी सेक्शन’ त्यातलाच. पण बहुसंख्य माणसं बराकींतच राहिली, आणि बराकींना कायमचं घर करण्याचं काम रहिवाशांवर सोडलं गेलं. गोणपाटाच्या जागी पत्रा, पत्र्याच्या जागी विटा, मग पुढच्या बाजूला दार फोडणं, मागच्या बाजूला मोरी काढणं.

कागद

माझ्या मते प्रकरणाचा कणा इथे आहे, म्हणून थोडा वेळ इथे थांबतो.

निर्वासितांनी पाकिस्तानात सोडलेल्या मालमत्तेबद्दल ‘क्लेम’ भरायचे होते. ते तपासून, मंजूर करून, त्याची भरपाई द्यायची होती. त्यासाठी संसदेने १९५४ साली विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) कायदा केला. इथून गेलेल्या मुसलमानांची सुटलेली मालमत्ता आणि सरकारने पुनर्वसनासाठी दिलेली मालमत्ता यांचा एक साठा करायचा, आणि क्लेम मंजूर झालेल्याला त्यातून भरपाई द्यायची. भरपाई रोखच हवी असं नव्हतं. तुम्ही ज्या सरकारी जागेत राहता तिची किंमत ठरवून ती क्लेममधून वळती करता येत असे. ज्याचा क्लेम नाही किंवा कमी आहे त्याने हप्त्याने पैसे भरायचे. व्यवहार पुरा झाला की सनद किंवा कन्व्हेयन्स डीड, म्हणजे मालकीचा कागद, हाती.

कागदावर हे चोख आहे. प्रश्न येतो तो विकायच्या वस्तूचा. बराकीतली एक खोली म्हणजे काय? हॉलचा एक तुकडा : दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, छप्पर सगळ्यांचं एक, वासे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेले. सनद मिळाली ती त्या तुकड्याची. पण स्वयंपाक, धुणं, संडास, पाणी यातलं काहीही त्या तुकड्यात नव्हतं. ते सगळं बाहेर, लष्कराने सोडलेल्या मोकळ्या पट्ट्यात होतं किंवा व्हायचं होतं. माणसाने खोली घेतली आणि पुढे ओटा, ओट्याला छप्पर, छपराला भिंत असं करत चार-सहा फूट बाहेर आला. समोरच्या बराकीतलाही तेवढाच पुढे आला. मधला पट्टा गल्ली झाला.

हे अतिक्रमण होतं का? नोंदींच्या हिशेबाने होतं. पण मोरीशिवाय खोली विकणाऱ्याला, मोरी कुठे बांधणार हा प्रश्न पडायला हवा होता. मधल्या पट्ट्याचा मालक कोण, तो रस्ता की बाग की मैदान की प्रत्येक खोलीचं अंगण, हे सनदी देण्याआधी ठरवलं असतं तर पुढची निम्मी भांडणं टळली असती. केंद्राचं पुनर्वसन खातं, राज्याचं महसूल खातं आणि १९६० नंतर नगरपालिका, अशा तिघांच्या मधे तो पट्टा पडून राहिला. पडलेली जागा उल्हासनगरात फार दिवस पडून राहत नाही.

महसूल कचेरीत मग ‘यू नंबर’, ‘शीट नंबर’ अशी स्वतःची परिभाषा तयार झाली. बराक नंबर एक, शीटवर दुसरं, जागेवर तिसरंच, हा इथल्या वकिलांच्या पोटापाण्याचा विषय. मोकळ्या भूखंडांवर बोगस सनदी काढल्याच्या तक्रारी पुढे वर्षानुवर्षं होत राहिल्या. मूळ नकाशात जी जागा रिकामी होती तिच्यावरच अशी सनद काढणं सोपं, हे सांगायला नको.

शेवटी २००५ साली संसदेने विस्थापितांच्या क्लेमसंबंधीचे जुने कायदे रद्द केले; १९५४चा कायदाही त्यात गेला. दिल्लीच्या दृष्टीने पुनर्वसन संपलं. उल्हासनगरात तेव्हा काय चाललं होतं ते पुढे येतंच.

खोलीतला कारखाना

बराकीचा लांब हॉल आणखी एका कामाला सोयीचा निघाला. मधल्या भिंती पाडल्या किंवा दोन-तीन खोल्या एकाने घेतल्या की छोटा कारखाना तयार. पापड-लोणची, गोळ्या-चॉकलेटं, प्लास्टिक, विजेची उपकरणं, फर्निचर, कापड, आणि गेल्या काही दशकांत जीन्स. राहणं मागे किंवा माळ्यावर, काम पुढे. गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचर बाजार ही नावं ठाणे जिल्ह्यात लग्नसराईची खरेदी करणाऱ्या कुठल्याही मराठी घराला तोंडपाठ आहेत. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद एवढा जुना आहे की सांगणाऱ्यालाच हसू येत नाही. नकली माल इथे झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण ज्याला भांडवल नाही, ब्रँड नाही, जमिनीचा धड कागद नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, तो आणखी काय बनवणार होता, हेही विचारावं लागतं.

याचा त्रास वालधुनी नदीने भोगला. निवासी छावणीच्या नाल्यांत रंगाचं आणि जीन्स धुलाईचं पाणी गेलं. आजूबाजूच्या औद्योगिक भागांतली घाणही तिच्यातच. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी टँकरमधून रसायन वालधुनीत ओतलं आणि वायू पसरून शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. पुढे न्यायालयाच्या दट्ट्यामुळे जीन्स धुलाईचे कारखाने बंद झाले. काही शेजारच्या गावांकडे सरकले.

शहर एकट्या सिंध्यांचं राहिलं नाही, हेही सांगायला हवं. कॅम्प चारला मराठा सेक्शन आहे, सुभाष टेकडीला आंबेडकरी वस्ती आहे, सेंच्युरी रेयॉनच्या कामगारांमुळे शहाडकडचा भाग भरला. उत्तर भारतातून आलेले कारागीर जीन्सच्या धंद्यात आले. सिंधी कुटुंबाने बराकीतली खोली विकून फ्लॅट घ्यायचा आणि खोलीत दुसऱ्या मुलखातून आलेल्या माणसाने शिरायचं, हे चक्र सतत चालू आहे. त्या अर्थाने ट्रान्झिट कॅम्प अजून बंद पडलेला नाही.

राजकारण आणि गुन्हेगारी यांच्या साटेलोट्याचा काळ मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि त्याने बराकींचा प्रश्न समजायला मदत होण्याऐवजी सगळं खापर दोन-चार माणसांवर फोडायची सोय होते.

वर चढलेल्या इमारती

ऐंशी-नव्वदच्या दशकांत जागेला भाव आला. बराकीचा तुकडा रुंदीने अरुंद, लांबीने बेताचा. त्यावर माणूस वरच चढणार. एखादी जुनी बराक आज उभ्या उभ्या पाहिली तर ही गोष्ट डोळ्यांनी वाचता येते. एका टोकाला मूळ उतरतं छप्पर, त्याला लागून तळमजल्यावर स्लॅब, त्याला लागून तीन मजली अरुंद घर, पुढे पुन्हा एकमजली दुकान, मग पाच मजले. प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा, जिन्याची जागा वेगळी, पाण्याच्या टाकीची उंची वेगळी. मधली भिंत मात्र दोघांची. एकाने पाया खणला की शेजाऱ्याला धडकी, आणि एकाच्या गळतीने दुसऱ्याची भिंत ओली. मोठे बिल्डर आले ते मोकळ्या पट्ट्यांवर, मैदानांवर, नाल्याकाठी. तिथे शेजाऱ्यांची कटकट नव्हती.

आराखडा मंजूर करून घ्यायचा तर आधी मालकी दाखवावी लागते, आणि मालकीचा कागद असा गुंतलेला. परवानगी मिळत नाही म्हणून विनापरवाना बांधायचं, विनापरवाना आहे म्हणून घाईत आणि स्वस्तात बांधायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात वाळूची टंचाई होती तेव्हा खाडीची ‘उल्वा रेती’ सर्रास वापरली गेली असं नंतर पालिकेनेच सांगितलं. खाऱ्या रेतीने लोखंड सडतं हे गवंड्याला कळत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा प्रश्न उभा राहिला. हजारो कुटुंबांचं काय करायचं? तोडकाम सुरू झालं तेव्हा पथकं स्लॅबला भोकं पाडून पुढे जात. मागाहून तीच भोकं सिमेंटने बुजवून माणसं परत राहायला येत. तोड झाली असं पालिकेच्या दप्तरी, घर राहिलं असं रहिवाशाच्या. मला हा या प्रकरणातला सगळ्यात घातक टप्पा वाटतो. इमारत पूर्ण पाडली असती तर संसार उघड्यावर आले असते, पूर्ण सोडली असती तर निदान स्लॅब अखंड राहिला असता. झालं ते दोन्हींच्या मधलं.

मग २००६चा कायदा आला : उल्हासनगर शहरातली अनधिकृत बांधकामं शुल्क आकारून नियमित करण्यासाठी. केंद्राचा पुनर्वसनाचा कायदा रद्द झाल्याच्या पुढच्याच वर्षी. नियमित करून घेणाऱ्यांचा ओघ अगदीच तुटपुंजा राहिला. शुल्क जड, कागद अपुरे, आणि एकदा अर्ज केला की आपण बेकायदा आहोत याची स्वतःच कबुली दिल्यासारखं होणार ही भीती.

मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत कॅम्प एक आणि कॅम्प दोनमध्ये दोन इमारतींचे स्लॅब वरून खालपर्यंत एकावर एक कोसळले. दोन्ही मिळून दहाहून जास्त माणसं गेली. दोन्ही इमारती त्याच नव्वदच्या दशकातल्या. त्यानंतर संरचनात्मक तपासणीच्या नोटिसा निघाल्या, नियमितीकरण सोपं करायला समिती नेमली गेली. नोटीस मिळालेल्या माणसाचं गणित साधं असतं : इमारत सोडली तर तिच्या जागेवर आपला हक्क किती, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. म्हणून तो भेगा दिसत असतानाही राहतो.

दुसऱ्या छावण्या, दुसऱ्या वाटा

हे सगळं टळलं असतं का? तुलनेला दोन जागा घेतो.

पहिली कच्छमधलं गांधीधाम. सिंधी व्यापारी भाई प्रताप यांनी सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन काढली, कच्छच्या महारावांनी सुमारे १५,००० एकर जमीन दिली आणि कंडला बंदराच्या आधाराने नवीन शहर आखलं गेलं. तिथे आधी भूखंड, रस्ते, मालकीची पद्धत ठरली, मग घरं आली. वेग कमी होता, कल्याणइतकी माणसं झपाट्याने तिथे सामावणं शक्यच नव्हतं. शिवाय मुंबईच्या धंद्याची ओढ होती. वाळवंटाच्या काठी आखीव भूखंड मिळत असला तरी लोकल मिळत नव्हती.

दुसरी जागा कोल्हापूरजवळचं वळिवडे. तिथल्या बराकी लष्कराच्या नव्हत्या; युद्धात देशोधडीला लागलेल्या सुमारे ५,००० पोलिश लोकांसाठी, त्यातही मुख्यतः बायका-मुलांसाठी, १९४३ पासून ती छावणी होती. ते गेल्यावर त्याच घरांत सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. पश्चिम महाराष्ट्रातली घाऊक कापडाची मोठी पेठ. तिथली छावणी मुळातच कुटुंबांसाठी होती, म्हणून घरं निराळी, स्वयंपाकाची सोय निराळी, आणि माणसांची संख्याही आवाक्यातली. एका निर्वासिताचं घर दुसऱ्या निर्वासिताला सहज बसलं. सैनिकाची बराक कुटुंबाला तशी बसत नाही.

म्हणजे रिकाम्या छावणीत माणसं ठेवली हे चुकलं असं मला म्हणता येत नाही. १९४८च्या पावसाळ्यापूर्वी लाखभर माणसांना छप्पर द्यायचं होतं आणि छप्पर तयार होतं. कोणत्याही सरकारने तेच केलं असतं. निर्णय चुकला तो पन्नाशीच्या दशकात, तुकड्या-तुकड्याने खोल्या विकताना. अख्खी बराक आणि तिच्या भोवतालचा अर्धा-अर्धा पट्टा मिळून एक भूखंड धरून तो त्या बराकीतल्या कुटुंबांच्या सहकारी संस्थेला दिला असता, तर प्रत्येक संस्थेकडे बांधायला पुरेशी आणि सलग जागा राहिली असती. मुंबई इलाख्यात सहकारी गृहनिर्माण तेव्हा नवं नव्हतं. पण क्लेम प्रत्येक कुटुंबाचा वेगळा, भरपाई वेगळी, हप्ते वेगळे. खात्याला हिशेब बंद करायचे होते आणि एक कुटुंब-एक खोली-एक सनद हा हिशेब बंद करायला सोपा होता.

आजचा पेच

२०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ होती, क्षेत्र साधारण १३ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला ३९ हजारांच्या जवळपास माणसं. शहर वाढलं ते पसरून नाही, त्याच १३ चौरस किलोमीटरांत दाटत जाऊन. एका बाजूला कल्याण, दुसरीकडे अंबरनाथ, मधे रेल्वे आणि वालधुनी. पसरायला जागाच नव्हती.

आता बोलणं चालतं ते समूह पुनर्विकासाचं. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत त्याची वाट आहे आणि कागदावर तरी उल्हासनगरला ती शोभते : दहा-वीस बराकी एकत्र घ्यायच्या, मधल्या गल्ल्या धरून सलग भूखंड करायचा, रस्ते रुंद करायचे. म्हणजे पन्नाशीच्या दशकात जे करायला हवं होतं तेच, फक्त मधे सत्तर वर्षांची बांधकामं, विक्रीखतं, पागड्या आणि कोर्टाचे दावे. एका बराकीतल्या दहा खोल्यांपैकी तिघांकडे सनद, चौघांकडे नोटरी केलेला करार, दोघांचं वारसांत भांडण आणि एकाचा मालक परदेशात, असं चित्र इथल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. सनदवाला म्हणतो जमीन माझी. करारवाला म्हणतो तीस वर्षं घरपट्टी मी भरतो. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत.

आणि मधल्या पट्ट्याचं काय, हा प्रश्न पुन्हा आहे तिथेच. पुनर्विकासात त्या जागेचं चटईक्षेत्र कोणाच्या नावावर धरायचं : पुढे सरकून ज्याने ती अंगाखाली घेतली त्याच्या, सगळ्या बराकीच्या, की सरकारच्या? कॅम्प तीनमधल्या कुठल्याही बैठकीत विकासकाचा माणूस नकाशा उलगडतो तेव्हा पहिला वाद यावरून सुरू होतो, आणि तो सोडवायला महसूल कचेरीतली पन्नाशीच्या दशकातली शीट मागवली जाते. तिच्यावर बराकी दाखवलेल्या असतात. मधला पट्टा कोरा असतो.